ऑर्किडच्या खोलीतली अढी

कळ्या तुम्ही पाडल्यात. झाडानं पाडल्या नाहीत, एप्रिलच्या उन्हानं नाहीत, माझ्या उदबत्तीनंही नाहीत. तुम्ही पाडल्यात. काचेच्या इमारतीत गार हवेत बसून, बोट न लावता, आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या लहानशा खोलीतल्या एका झाडाच्या कळ्या तुम्ही पाडल्यात, आणि तुम्हाला ते माहीतही नाही. माहीत नसणं हा तुमचा नेहमीचा बचाव. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढते. सुई शिरेच्या आरपार गेली तर मला 'माहीत नव्हतं' म्हणता येत नाही. समोरच्याच्या हातावर निळा डाग उठतो आणि दुसऱ्या दिवशी तो तोच हात माझ्यापुढे धरून विचारतो, ताई, हे काय केलंत? तुमच्यापुढे असा हात कुणी धरत नाही. डाग उठलेला माणूस तुमच्या इमारतीच्या बाहेर असतो. म्हणून मी विचारते आहे, आणि पहिल्यापासून सांगून विचारते आहे, म्हणजे नंतर तुम्हाला विषय काय आहे असं म्हणायला नको.

आज सकाळी केर काढताना ती झाडूपुढे आली. सोलाण्याएवढी, पिवळी, देठाशी जराशी तांबूस. मला आधी डाळीचा दाणा वाटला. वाकून उचलली तर मऊ लागली, ताप आलेल्या माणसाच्या कानाच्या पाळीसारखी मऊ. मान वर करून पाहिलं. काचेजवळच्या स्टुलावर कुंडी, कुंडीतून निघालेली ती लांब वाकलेली दांडी, आणि दांडीवरच्या बाकीच्या कळ्या, ज्या परवापर्यंत हिरव्या आणि टणक होत्या, त्या सगळ्या पिवळ्या पडत चालल्या होत्या. एक तर माझ्या देखत गळाली. आवाज झाला नाही. खोलीत आंब्यांचा गोड वास दाटला होता. आणि बाथरूममध्ये नळ वाहत होता आणि नळाच्या आवाजात दत्ता गुणगुणत होता. या आठवड्याआधी हा माणूस वर्षभर गुणगुणला नव्हता. मी दोन्ही कळ्या मुठीत धरून तशीच उभी राहिले, कारण त्याचं गुणगुणणं कधी थांबणार ते मला ठाऊक होतं. तो टॉवेल गुंडाळून रोजच्यासारखा आधी या खोलीत येणार, तेव्हा.

दत्ता म्हणजे दत्तप्रसाद, माझा नवरा. तुमच्या कंपनीत त्याला डीपी म्हणायचे. हे झाड तुम्हीच दिलेलं. त्याला तुमच्याकडे दहा वर्षं झाली तेव्हा हॉटेलातल्या कार्यक्रमात स्टेजवर बोलावून दिलंत. पांढरं ऑर्किड, जांभळ्या ओठाचं, पारदर्शक कुंडीत, चकचकीत कागदात गुंडाळलेलं. मी खाली गोल टेबलाशी पनीरचे तुकडे काट्यानं ढकलत बसले होते. माइकवर तुमच्यातला एकजण म्हणाला की हे साधं फूल नव्हे, हे आपल्या डीपीसारखं आहे, नीट सांभाळलं तर पुन्हा पुन्हा फुलतं. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. दत्तानं ते झाड घरी आणलंच नाही, ऑफिसात डेस्कवर ठेवलं, म्हणाला तिथे एसी आहे, बरं राहील. फुलं तीन महिने टिकली. गळली तेव्हा त्यानं मला घरी येऊन सांगितलं, एखाद्या सहकाऱ्याची बदली झाल्यासारखं. मी म्हटलं, मग टाकून दे. तो म्हणाला, "टाकायचं कशाला? हे परत येतं." 'परत येतं' हे तो ज्या खात्रीनं म्हणाला ती खात्री त्याला कुठून आली होती ते मला आज कळतं. माइकवरून आली होती.

पुढच्या वर्षी प्रोजेक्ट संपला आणि तुम्ही त्याला बेंचवर बसवलंत. बेंच हा तुमचा शब्द, हाती काम न देता नुसतं बसवून ठेवण्याचा. यवतमाळला त्याच्या वडिलांना मी फोनवर सांगितलं तर बापूराव म्हणाले, "बेंचवर? म्हंजे शाळेत शिक्षा करतात तसं काय?" मी हसले होते. नंतर एका शुक्रवारी तुम्ही त्याला छोट्या काचेच्या खोलीत बोलावलंत. समोर टिश्यूचा डबा आधीच ठेवलेला होता, हे त्यानं मला तीन-चारदा सांगितलं. बाकी काय बोलणं झालं ते एकदाही नाही. तुम्ही काढलं नाहीत, त्यालाच लिहून द्यायला लावलंत, स्वतःच्या मर्जीनं जातो म्हणून. तासाभरात कार्ड बंद. आणि तो ते झाड घेऊन निघाला तर दारावरच्या सिक्युरिटीनं अडवलं. आतली वस्तू बाहेर न्यायची तर गेटपास लागतो. हे माझं झाड आहे, मला बक्षीस मिळालंय, असं त्यानं सांगितलं. सिक्युरिटीवाला म्हणाला, असेल सर, पण पास पाहिजे. म्हणजे माणूस बिनपासाचा जाऊ शकत होता आणि झाडासाठी दत्ता तुमच्या दारात अर्धा तास सही येण्याची वाट बघत उभा राहिला, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांसमोर, हातात बिनफुलाची कुंडी धरून. रिक्षातून उतरला तेव्हा तिच्या पानांवर धूळ बसली होती आणि तो ती बोटानं पुसत होता. मी विचारलं, लवकर? तो म्हणाला, "हे पुन्हा फुललं की मी बाहेर पडेन. तोपर्यंत जरा बसतो."

मला वाटलं चेष्टा. चेष्टाच होती त्या दिवशी. पण माणूस चेष्टेनं बोललेल्या वाक्यात जाऊन राहायला लागतो, हे मी डोळ्यांदेखत पाहिलं. पहिल्या महिन्यात तो दूध आणायला खाली जात होता. मग पार्किंगमध्ये कुणीतरी विचारलं, काय, आज सुट्टी? त्यानंतर लिफ्टपर्यंत. मग दारापर्यंत. मग दारावरची बेल वाजली तरी तो त्या लहान खोलीत जाऊन बसायचा. मित्र फोन करायचे, मुलाखतींच्या जागा कळवायचे. तो म्हणायचा, बघू, जरा हे होऊ दे. 'हे' म्हणजे काय ते त्यांना माहीत नव्हतं. मला होतं. आम्हाला मूल नाही. लगेच त्याचा आणि झाडाचा संबंध जोडू नका, तुमच्यासारख्यांना असले संबंध फार लवकर सुचतात. मूल नसल्याचं आमचं कधीच आवरून झालं होतं. हे वेगळं होतं. एक धडधाकट, पंचेचाळिशीतला, चार माणसांत हुशार समजला जाणारा माणूस स्वतःला एका कुंडीत ठेवून बसला होता आणि तो बाहेर येणार होता ते एकाच वाटेनं, त्या झाडाच्या पानांच्या बेचक्यातून. फूल आलं तर माझा नवरा दाराबाहेर पडणार होता. नाही आलं तर नाही. आमच्या घरात दुसरा प्रश्नच उरला नव्हता.

त्यानं अभ्यास केला. कॉम्प्युटरवर बसून रात्रंदिवस ऑर्किडचं वाचायचा, जसं कधीकाळी तुमचं काहीबाही वाचायचा. हे झाड मातीत नाही जगत, मातीत घातलं की कुजतं, याला झाडाच्या सालीचे तुकडे आणि कोळसा लागतो. मुळं चंदेरी दिसली की तहान, हिरवी झाली की पोट भरलं. पाणी पानांच्या मध्यात साचलं तर मेलंच, म्हणून तो टिश्यूची सुरळी करून तो थेंब टिपायचा. (टिश्यूचा डबा आमच्या घरात त्यासाठी आला. तो आणायला मला सांगताना त्याचा आवाज जराही बदलला नाही.) आमच्याकडे काम करणारी शकू हे सगळं कमरेवर हात ठेवून बघायची. एकदा म्हणाली, "दादा, माती न्हाई, काय न्हाई. मग जगतंय कशावर वो ह्ये?"

"हवेवर, शकू."

"म्हंजी तुमच्यावानीच की."

मी स्वयंपाकघरात ओठ चावला. पण तो चिडला नाही. विचार करून म्हणाला, "बरोबर आहे." शकू ओशाळली, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या वस्तीजवळच्या गोठ्यातून पिशवीभर शेणखत घेऊन आली, झाडाला घाला म्हणून. त्यानं ते हात जोडून परत केलं. शकू मला जाताना हळूच म्हणाली, "ताई, झाडाला कमी, ह्यांनाच घाला थोडं." मी हसले आणि बेसिनचा नळ सोडला. मला त्या झाडाचा राग यायचा हे लपवण्यात अर्थ नाही. चहाचं आधण उकळत असलं की मनात यायचं, हेच नेऊन ओतावं, एकदाचं संपेल. पण काय संपेल हे मला कळत नव्हतं, म्हणून मी चहा गाळायची.

आमच्या घरात बंदी आली. त्या खोलीत उदबत्ती नाही, कारण धुरानं कळी जळते. पिकलेलं केळं नाही, कारण पिकणाऱ्या फळातून एक वायू सुटतो, डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, आणि कळ्या त्यानं गळतात. हे त्यानंच मला सांगितलं. मी केळ्यांचा घड टेबलावरून उचलून थेट स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवायला लागले. देवाची उदबत्ती मी घरातूनच बंद केली, कशाला विषाची परीक्षा. देव काही बोलला नाही. तो या बाबतीत तुमच्यासारखाच आहे.

पण कळी येणार कुठून, दांडीच येत नव्हती. एक वर्ष नुसती पानं आली, जाड, चकचकीत, निर्लज्ज पानं. मग त्यानं शोधून काढलं की याला थंडी लागते. दिवसा ऊब आणि रात्री गारवा, असे काही आठवडे गेले की झाडाला वाटतं आता फुलायला हवं. आमच्या त्या खोलीत गारवा येईना. पलीकडच्या इमारतीचे एसी आमच्याच बाजूला तोंड करून गरम हवा सोडत बसलेले असतात. गच्चीवर चांगली थंडी होती, पण दत्ता गच्चीवर जाईना. लिफ्टमध्ये माणसं भेटतात हे त्यानं सांगितलेलं कारण. न सांगितलेलं कारण म्हणजे गच्चीवरून तुमची इमारत दिसते, पाटीसकट. मग मी गेले सोसायटीच्या सेक्रेटरींकडे, बद्रीनाथकाकांकडे, गच्चीची किल्ली मागायला.

"किल्ली कशाला?"

"एक झाड संध्याकाळी वर थंडीत ठेवायचंय. सकाळी खाली आणेन."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "गच्चीवर पापड वाळत घालायला बंदी आहे. झाडाला थंडी घालायला बंदी आहे की नाही ते बघावं लागेल. याआधी कुणी मागितली नव्हती."

"काका, महिन्याभराचा प्रश्न आहे."

"मग स्वेटर कोण काढणार त्याचा, तुम्ही की दत्तप्रसाद? दिसत नाहीत ते हल्ली. घरूनच काम का?"

"हो," मी म्हटलं. "घरूनच."

"बरं आहे बुवा. आमच्या वेळेला घरी काम केलं की बायको भांडी घासायला लावायची." आणि त्यांनी किल्ली दिली, खिळ्यावरून काढून, माझ्याकडे न बघता. न बघता दिली म्हणून मला कळलं की त्यांना सगळं माहीत आहे. सगळ्या सोसायटीला माहीत होतं. लॅबमधून येताना पार्किंगमध्ये माणसं माझ्याशी फार गोड बोलायची.

मग मी रोज संध्याकाळी लॅबमधून आले की कुंडी उराशी धरून वर जायची, टाकीच्या आडोशाला ठेवायची आणि सकाळी पोळ्या करण्याआधी आणायची. वर वारा कालव्याच्या बाजूनं यायचा, ओला, जरासा कुजका. तुमची इमारत सगळी पेटलेली असायची. मी बघायची. तिच्यात कुठल्या मजल्यावर तो बसायचा ते मला माहीत होतं, मी त्या ओळीतल्या खिडक्या शोधायची आणि मला आठवायचं की हा माणूस यवतमाळहून पुण्यात आला तेव्हा त्याच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. वहीच्या पानांवर प्रोग्राम लिहायचा, रेघा आखून, नीट अक्षरात, आणि रविवारी मित्राच्या खोलीवर जाऊन तो चालतो का बघायचा. बिबवेवाडीत माझ्या मामाच्या घरी वर भाड्यानं राहायचा. मी एकदा ते पान बघून विचारलं होतं, हे चाललं तर काय होतं? तो म्हणाला होता, "पडद्यावर एक ते शंभर आकडे येतात." मी म्हटलं, बस? तो म्हणाला, "मी न लिहिता येतात ना पण. आपोआप." त्या 'आपोआप'वर त्याचा चेहरा असा उजळला होता की मी मामीला न विचारता त्याला चहा नेऊन दिला. त्या चहावर लग्न झालं. गच्चीवर कुंडी टेकवताना मला तो चेहरा आठवायचा आणि मग दुसरा, खालचा, खोलीतला. मध्ये कुठेतरी तुम्ही आहात. मध्ये नक्की कुठे, ते मात्र मला सापडत नसे.

जानेवारीत पानाच्या खालून काहीतरी निघालं. हिरवं, तांदळाच्या दाण्याएवढं. मूळ की दांडी? दोन्ही आधी सारखीच दिसतात. दत्ता बॅटरी घेऊन दिवसभर त्याच्यापुढे बसायचा. शेवटी मला म्हणाला, "नमू, तू हात लाव. तुझ्या बोटांना कळतं." लॅबमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या शिरा दिसत नाहीत, बोटानं चाचपून शोधाव्या लागतात, कातडीखाली काहीतरी उसळी देतं. मी डोळे मिटून तसंच हे चाचपलं. टोक चपटं होतं, हातमोज्याच्या अंगठ्यासारखी बाजूला खाच. मी म्हटलं, दांडी आहे. मला खात्री नव्हती. पण त्याच्या तोंडाकडे बघून दुसरं काही म्हणता येण्यासारखं नव्हतं. आणि ती दांडीच निघाली! ती खाली न वळता वर वळली, रोज नखभर, उजेडाकडे. त्यानं दाढी केली. फेब्रुवारीत त्यानं एका जुन्या मित्राचा फोन स्वतःहून घेतला. मार्चमध्ये कळ्या दिसायला लागल्या, आधी मोहरीएवढ्या, मग वाटाण्याएवढ्या, आणि एका रविवारी मी बाजारातून आले तर तो दारात बसून बुटांना पॉलिश करत होता. काळे ऑफिसचे बूट. म्हणाला, "पहिलं फूल उघडलं की विश्रांतवाडीला एकजण आहे, त्याला भेटून येतो. छोटी कंपनी आहे, पण माणूस बरा आहे." मी बाजाराची पिशवी तशीच आत नेली. मला भीती वाटली की माझ्या आवाजानंही काहीतरी गळेल. त्या कळ्या उघडायला आता आठवडा, फार तर दोन. जन्मात इतकी भीती मला कधी वाटली नव्हती, आणि ती सुखाची होती हे मला तेव्हा कळलं नाही.

आणि मग तुमची पेटी आली.

गेल्या शनिवारी, दुपारी. बेल वाजली, मी दार उघडलं, कुरियरवाल्यानं हापूसची पेटी उंबऱ्यात ठेवली. वर तुमचं चिन्ह. आत गवतात नीट रचलेले कच्चे, हिरवट आंबे आणि इंग्रजीत छापलेलं कार्ड: प्रिय दत्तप्रसाद, तुम्ही आमच्या परिवाराचे आहात. खाली सही, तीही छापलेली. मला वाटलं चुकून आली, परत करावी. पण तोवर तो लहान खोलीतून बाहेर आला होता. दारात. उघड्या दारात. त्यानं कार्ड वाचलं, परत वाचलं, आणि त्याचा तो वहीच्या पानावरचा चेहरा मला वीस वर्षांनी दिसला.

"बघ," तो म्हणाला. "विसरले नाहीत."

"दत्ता, अरे हे सगळ्यांनाच पाठवत असतील."

"सगळ्यांनाच म्हणजे परिवाराला. म्हणजे आपण त्यात आहोत. जे गेले त्यांना कशाला पाठवतील?"

तो पेटी उचलून आत घेऊन गेला. तुमची पेटी स्वयंपाकघरात, कांद्याबटाट्यांशेजारी कशी ठेवायची? त्यानं ती लहान खोलीत नेली, सगळ्यात बंद, सगळ्यात उबदार खोली. वर्तमानपत्रं पसरली, गवत अंथरलं, आंबे एकमेकांना न लावता मांडले, वर परत गवत, वर पोतं. अढी. यवतमाळला त्याची आई घालायची तशीच, गुडघ्यांवर बसून, एकेका आंब्याचं देठ हुंगत. ऑर्किडचं स्टूल तिथून दोन हातांवर होतं.

त्याला माहीत होतं. हे मी परत सांगते, कारण तुम्ही म्हणाल की अडाणीपणा होता. त्यानंच मला शिकवलं होतं, पिकणारं फळ या खोलीत नको. माझ्या हातातलं एक केळं बघून तो ओरडला होता. पण ही पेटी तुमच्याकडून आली होती. तुमच्याकडून आलेली वस्तू वाईट करेल हे त्याच्या डोक्यात शिरूच शकत नव्हतं. मी दारात उभी राहून म्हटलं, "इथे नको ना घालूस, तूच म्हणतोस..." तो वर न बघता म्हणाला, "दोन-तीन दिवसांचा प्रश्न आहे गं." आणि मी दारातून मागे फिरले, कारण तो गुणगुणायला लागला होता.

त्याच संध्याकाळी मी खाली पार्किंगमध्ये जाऊन संतोषला फोन केला. संतोष अजून तुमच्याकडे आहे, दत्ताच्याच टीममध्ये होता, आमच्याकडे भरली वांगी खायला यायचा. म्हटलं, "संतोष, ही पेटी कुणी पाठवली?"

"कुठली पेटी, वहिनी?" मग हसला, जरा अवघडून. "अच्छा, आंब्याची. अहो ती कुणी पाठवत नाही. यंदापासून सगळ्यांच्या घरी जाते. सिस्टिममध्ये नावं असतात, आपोआप जातं."

"पण तो तुमच्याकडे नाही ना आता."

"हो ना. ते कुणी बघितलंच नसेल." मग म्हणाला, "खा की वहिनी. आंबे चांगले असतात."

वर आले तर दत्ता जेवायला वाट बघत होता. मी त्याला सांगितलं नाही. आंबे पिकले. आज सकाळी तो टॉवेलमध्ये त्या खोलीत आला, त्यानं आधी दांडीकडे बघितलं, मग जमिनीकडे, मग माझ्या मुठीकडे. गुणगुणणं थांबलं. त्यानं हवा हुंगली, मला वाटलं आता कळेल त्याला, ज्या माणसानं इतकं वाचलंय त्याला कळणारच. त्याची नजर पोत्यावर गेली. तिथे थांबली. आणि मग ती नजर पोत्यावरून उठून माझ्याकडे आली, फार सावकाश, आणि तो म्हणाला, "तू उदबत्ती लावलीस."

मी वर्षभरात उदबत्ती लावली नाही. माझ्या घरातले देव वर्षभर कोरडे बसलेत. माझ्या तोंडात होतं: दत्ता, आंबे. एवढे दोन शब्द. पण ते बोलले असते तर झाड गेलंच होतं, वर पेटीही गेली असती, आणि कार्ड, आणि परिवार. त्याच्यापाशी काय उरलं असतं? मी म्हटलं, "हो. काल लावली. विसरले."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसती मान हलवली, जसा एखादा साहेब हाताखालच्या माणसाची चूक पोटात घालतो. मग खाली बसून पोतं बाजूला केलं, एक पिकलेला आंबा काढला, हातात घोळवून मऊ केला, देठ काढून चोखायला लागला. रस मनगटावरून कोपरापर्यंत गेला. स्टुलावर दांडी नागडी होत होती. त्यानं तिच्याकडे परत पाहिलं नाही.

"गोड आहेत," तो म्हणाला. "नमू, निळ्या शर्टाला इस्त्री करशील? सोमवारी जाऊन येतो."

"विश्रांतवाडीला?"

"छे. ऑफिसला. त्यांनी एवढी आठवण ठेवली, समोर जाऊन थँक्यू म्हणायला पाहिजे. फोनवर बरं नाही दिसत. आणि कामाचा विषय आपोआप निघेलच."

"थँक्यू कुणाला म्हणणार?"

"कुणाला म्हणजे? ज्यांनी पाठवली त्यांना."

आज शनिवार आहे. शर्ट इस्त्री करून दाराच्या मागे लावलाय. फुलाशिवायच तो बाहेर पडायला निघालाय, ज्याच्यासाठी मी रोज कुंडी घेऊन जिने चढले तेच होतंय, आणि लॅबमध्ये आज पहिल्यांदा मला एका बाईला दोनदा टोचावं लागलं. सोमवारी तो तुमच्या रिसेप्शनला उभा राहील, हसत, आणि तिथल्या मुलीला सांगेल की ज्यांनी आंबे पाठवले त्यांना भेटायचंय. ती तुम्हाला फोन लावेल. तेव्हा तुमच्यापैकी कोण खाली येणार आहे? मला डिपार्टमेंट नको, छापलेली सही नको, 'आपोआप' तर मुळीच नको. हाताला घाम येणारा, डोळ्यात बघावं लागणारा एक माणूस खाली येणार आहे की नाही? आणि आला तर त्याला काय सांगणार आहे, की तू परिवारात आहेस, की पेटी चुकून गेली? मला रविवार संपायच्या आत उत्तर हवंय. सोमवारी सकाळी तो बूट घालून दारात उभा राहील आणि मला ठरवावं लागेल. त्याला जाऊ देऊ, की दार अडवून उभी राहू? बोला.